एक बाई, एक क्रमांक

(समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



बाई म्हणजे फाइलमधला नंबर नव्हे, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. आज मी उलटेच सांगायला उभी आहे : प्रत्येक बाईला नंबर द्या. का, ते आमच्या केंद्राच्या चुकीवरून सांगते.

आमच्याकडे दोन रजिस्टरे होती. एकात बाईचे नाव-पत्ता, दुसऱ्यात तिच्या भेटींच्या नोंदी. दोन्ही एक्सेलमध्ये उतरवून आम्ही सेल्सफोर्स या इंटरनेटवरच्या डेटाबेसमध्ये चढवली. कोणती भेट कोणत्या बाईची, हे नावावरून जुळवले. एकाच नावा-आडनावाच्या दोघीजणी निघाल्या आणि एकीच्या भेटी दुसरीच्या नावावर गेल्या. ती दुसरी पुढच्या वेळी आली, तेव्हा पडद्यावरची नोंद वाचून कार्यकर्तीने विचारले, "दीर अजून त्रास देतो का?" तिला दीरच नव्हता. "माझं बोलणंही असंच दुसरीला सांगता का?" असे म्हणून ती उठली. पुन्हा आली नाही.

चूक यंत्राची नव्हती, आमची होती. बाईचे नाव लग्नाने बदलते. ती कधी माहेरचे नाव सांगते, कधी सासरचे, कधी भीतीपोटी भलतेच. अशा नावावर नोंद बांधायची कशी?

मग सगळे नव्याने केले. पहिल्या भेटीलाच बाईला क्रमांक दिला, 'स-०१४२' असा. अक्षर मुद्दाम घातले. नुसते आकडे लिहिले तर एक्सेल सुरुवातीचे शून्य गाळते आणि जोड तुटते. भेटीलाही तिचा क्रमांक दिला. डेटाबेसमध्ये या क्रमांकांचे रकाने केले, ते 'एक्स्टर्नल आयडी' आणि 'युनिक' ठरवले. म्हणजे एक क्रमांक दोघींना जात नाही. आधी बायकांची यादी चढवली, नंतर भेटींची, कारण जिला जोडायचे ती आधी तिथे हवी. भेटीच्या प्रत्येक ओळीत बाईचा क्रमांक होताच. चढवताना 'अपसर्ट' हा पर्याय घेतला : क्रमांक सापडला तर तीच नोंद सुधारते, नाही तर नवी होते. यादी चुकून दोनदा चढवली तरी बाई दोनदा येत नाही.

सेल्सफोर्स स्वतःही प्रत्येक नोंदीला १५ अक्षरी ओळख देते. पण त्यात इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असतो, आणि एक्सेल जुळवणी करताना तो पाहत नाही. वापरायचीच तर १८ अक्षरी घ्या.

आणखी एक. संस्थांसाठीच्या एका तयार रचनेत माणसाची नोंद 'कुटुंबा'च्या खात्याखाली ठेवतात. देणगीदारांसाठी ते ठीक. पण बाई आणि तिला मारणारा नवरा एका खात्यात आले, तर आपले पत्र कोणाच्या हाती पडेल? आम्ही प्रत्येकीला स्वतंत्र खाते दिले.

आधी १० ओळी चढवून रजिस्टराशी ताडून पाहा. मग सगळ्या चढवा, दोन्हीकडची संख्या मोजा, चुकांची यादी शेवटपर्यंत वाचा. शंका आली तर अंदाजाने जोडू नका, त्या बाईलाच विचारा. आणि हे काम कॉम्प्युटरवाल्यावर सोपवून मोकळ्या होऊ नका. ज्या कार्यकर्तीने त्या बायकांचे ऐकले आहे, ती शेजारी बसलीच पाहिजे.