पाहुण्यासाठीं जामीन

(ज्युबिलीनिमित्त सिल्लोड येथील सभेंत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं गतकालाचें स्मरण करण्यास माझ्याहून अधिकारी वक्ते येथें बसले आहेत. मजकडे व्यवहाराचा विषय आला आहे: परदेशीं स्थायिक झालेल्या आप्तानें आपणांस भेटीस बोलाविलें, तर त्याच्या शिरावर कोणता भार येतो? सिल्लोडच्या सभेंत हा विषय कशाला, असें कोणी म्हणतील. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें जर्मनींतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, आणि त्यांत परिचारिकाहि आहेत. मुलगी तिकडे नोकरीस लागली कीं वर्षा-दोन वर्षांत आईवडिलांना बोलावणें येणारच.

सोसायटीच्या कर्जास जामीन राहणें म्हणजे काय, हें कापूस आणि मिरची पिकविणाऱ्या माणसास शिकवावयास नको. १८७२ च्या करार कायद्याचें १२८ वें कलम, निराळें ठरलें नसल्यास, जामीनदारावर ऋणकोइतकीच जबाबदारी टाकतें. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायांतहि जामीन राहिलेल्यास लवकर मोकळें होण्याचा सल्ला आहे. तरी परदेशांतून आलेलें हमीपत्र हातीं पडलें कीं आपण तें लग्नपत्रिकेप्रमाणें शेजाऱ्यांना दाखवीत फिरतों!

जर्मनींत या पत्रास ‘फेरफ्लिश्टुंग्स-एर्क्लेरुंग’ असें जिभेची परीक्षा पाहणारें नांव आहे. यजमानानें स्वतः परदेशी नागरिकांच्या कचेरींत जावयाचें, पगाराचे कागद दाखवावयाचे, २९ युरो शुल्क भरावयाचें आणि सही करावयाची. निवास कायद्याच्या ६८ व्या कलमाप्रमाणें पाहुण्याचें अन्न, निवारा, आजारपण व शुश्रूषा यांवर सरकारी पैसा खर्च झाल्यास तो भरून देण्यास यजमान बांधला जातो. पाहुणा वेळेवर परतला कीं हमीचें काम संपलें. न परतल्यास ती प्रवेशापासून पांच वर्षांपर्यंत मानेवर राहूं शकते, आणि त्यास परत पाठविण्याचा खर्चहि यजमानाकडून वसूल होऊं शकतो.

ही केवळ कागदी धमकी नव्हे. २०१३ नंतर सीरियांतील युद्धग्रस्तांना आणण्यासाठीं जर्मनींतील अनेकांनीं, त्यांत चर्चच्या मंडळींनींहि, अशा पत्रांवर सह्या केल्या. आश्रय मंजूर झाला म्हणजे आपण सुटलों, अशी पुष्कळांची समजूत होती. पुढें सरकारी कचेऱ्यांचीं बिलें आलीं. आणि २६ जानेवारी २०१७ रोजीं लायप्झिग येथील संघीय प्रशासकीय न्यायालयानें, आश्रय मिळाल्यानें हमी संपत नाहीं, असा निर्णय दिला. २०१९ मध्यें केंद्र व राज्यें यांनीं मिळून अनेकांना त्या बिलांतून सोडविलें, हें खरें. परंतु तोंपर्यंत किती कुटुंबांची झोप उडाली असेल! ते पाहुणे नव्हते, निर्वासित होते. पण सही त्याच कलमाखालची होती.

ऑस्ट्रेलियांत रीत निराळी. आप्तानें पुरस्कृत केलेल्या भेटीसाठीं सरकार माणशीं बहुधा ५,००० ते १५,००० डॉलर अनामत मागूं शकतें. पाहुण्यानें अटी मोडल्या तर ती रक्कम जाऊं शकते, आणि पांच वर्षें दुसऱ्या कोणासहि बोलावितां येत नाहीं. म्हणजे पुतण्याच्या अपराधानें आईची भेट खुंटते. अमेरिकेंत भेटीसाठींचें आय-१३४ हें पत्र कायम वास्तव्यासाठींच्या आय-८६४ इतकें बंधनकारक नाहीं. तेथें शिक्षा पाहुण्यास होते. १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून परतल्यास ३ वर्षें, आणि वर्षभर राहिल्यास १० वर्षें प्रवेश बंद.

माझ्या मतें आईवडिलांच्या बाबतींत भय पळून जाण्याचें नसून आजाराचें आहे. शेंगेन व्हिशासाठीं किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. पण प्रवासविम्यांतून जुनें दुखणें बहुधा वगळलेलें असतें. वडिलांचा मधुमेह, आईचा रक्तदाब मुलीपासून लपवून विमानांत बसणें म्हणजे तिच्या पगारावर चिठ्ठी फाडणें होय. आपल्या घरांत अशी लपवालपवी प्रेमानेंच होते, हीच अडचण आहे.

मावसभावाची गोष्ट अगदीं वेगळी. ‘एकदां आंत शिरलों कीं काम मिळतें’ असें दलालानें त्याच्या कानांत सांगितलेलें असतें, आणि घरचीं वडील माणसें मुलीस फोन करून गळ घालतात. व्हिसा मिळविण्यासाठीं दुसऱ्याच्या वतीनें खोटी माहिती देणें हा जर्मन निवास कायद्याच्या ९५ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. तिनें नकार दिला, तर तिला गर्विष्ठ म्हणूं नये. ज्यास जावयाचें आहे त्यानें रीतसर नोकरीचा व्हिसा मागावा.

सही मागण्यापूर्वीं येथील डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, तिचा कागद मुलीस पाठवावा, विम्याच्या अटी कोणा जाणत्याकडून वाचवून घ्याव्या, आणि परतीचें तिकीट तिच्या सल्ल्यानेंच काढावें. परत आल्यावर बोर्डिंग पास जपून ठेवावा. पुढल्या खेपेस मुंबईस अर्ज करतांना तो कामीं येऊं शकेल.