बंद दाराच्या दोन बाजू

दाराला दोन कामे करावी लागतात. परक्याला बाहेर ठेवणे हे एक आणि आपल्या माणसाला आत घेणे हे दुसरे. पहिल्या कामाची काळजी माणसाने फार वाहिली आणि कुलपे अधिकाधिक मजबूत केली. परंतु चोर कोणता आणि आई कोणती, एवढा विवेक कोणत्याही कुलपाला अद्याप साधलेला नाही.

जबलपुरातील मे महिन्याची एखादी दुपार डोळ्यांपुढे आणावी. पारा चाळिशीच्या पुढे गेला आहे आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाळलेले कपडे आणण्यासाठी गृहिणी क्षणभर गच्चीत जाते. घरात चार वर्षांची मुलगी, पाळण्यात वर्षाचे मूल आणि शेगडीवर दूध. इतक्यात तापलेल्या वाऱ्याचा झोत येतो आणि दार आपटते. किल्ली आत खुंटीवर, टेलिफोनही आत. हातभर अंतरावर लेकरे, आणि मध्ये दीड इंच जाडीचे लाकूड!

असा प्रसंग पूर्वीच्या घरात सहसा येत नसे. कडी, कोयंडा, आगळ ही सारी साधने माणसाने हात लावल्याखेरीज हलत नसत. शिवाय परसदार असे, अंगण असे आणि अंगणात कोणीतरी वडीलधारे असे. 1956 मध्ये मध्य प्रदेशाची पुनर्रचना होऊन उच्च न्यायालय जबलपूरला आले, त्यापूर्वी नागपूर ही राजधानी होती. नोकरीनिमित्त अशा शहरात येऊन स्थिरावणाऱ्या कुटुंबांचे बिऱ्हाड लहान असते आणि आजी-आजोबा बहुधा गावीच राहतात. त्यांच्या दाराला आता लॅच असतो. त्याची जीभ तिरपी असून तिच्यामागे स्प्रिंग असते. दार ढकलले की जीभ मागे सरते आणि चौकटीच्या खाचेत आपोआप बसते. आतून मूठ फिरवावी लागते, बाहेरून मात्र किल्लीच हवी. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून आपल्या घरांना देशी बनावटीचे भक्कम कुलूप लाभले. ते आपले काम चोख करते. अडचण एवढीच, की दार बंद करण्याचा निर्णय आता माणसावाचूनही होऊ शकतो.

बंद दारापलीकडच्या मुलाचे दुःख महाराष्ट्राला नवे नाही. दूध विकण्यासाठी रायगडावर गेलेली हिरकणी सूर्यास्तानंतर दरवाजे मिटल्यामुळे गडावर अडकली आणि घरच्या तान्ह्यासाठी अंधारात कडा उतरली, अशी आख्यायिका आहे. तिच्या नावाचा बुरूज आजही दाखविला जातो. तिच्या धैर्याला नमस्कार करावा. परंतु गच्चीवरून खिडकीच्या सज्जावर उतरू पाहणाऱ्या आईने हिरकणीचे अनुकरण करू नये. ती पडली तर आतल्या लेकरांचा आधारच जाईल.

तिच्याजवळ पहिले साधन आहे ते आवाजाचे. दारावर धक्के मारल्याने मूल भेदरते. फटीशी तोंड नेऊन शांतपणे बोलल्याने सावरते. "बाळा, मी इथेच आहे. स्वयंपाकघरात जाऊ नकोस. दारापाशी बस आणि मला गाणे म्हणून दाखव." चार वर्षांच्या मुलीला एवढे समजते, आणि गाणे चालू आहे तोवर ती कोठे आहे हे आईलाही कळते. दुसऱ्याने तोवर मदतीसाठी धावावे. शेगडी पेटलेली असेल तर कुलूपवाल्याची वाट पाहत बसू नये; 101 किंवा 112 या क्रमांकावर तत्काळ कळवावे, आणि धूर दिसला तर दार फोडावे. दार पुन्हा बसविता येते.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ विदुषीने साधारण वर्षाच्या मुलांचे निरीक्षण करण्यासाठी एक पद्धत आखली. आई काही मिनिटे खोलीबाहेर जाई आणि परत येई. मूल किती रडले यापेक्षा आई परतल्यावर ते तिच्याकडे कसे वळले, याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. यातून घेण्यासारखा बोध असा, की दार उघडल्यावरची पहिली दोन मिनिटे मोलाची आहेत. त्या वेळी मोठ्या मुलीला "तू दार का उघडले नाहीस?" असे दरडावणे म्हणजे वाऱ्याचा अपराध लेकराच्या माथी मारणे होय. आधी तिला जवळ घ्यावे.

खरा उपाय मात्र प्रसंगाच्या आधीचा आहे. लॅचची जीभ मागे धरून ठेवणारा खटका बहुधा आतल्या बाजूस असतो. बाहेर पाऊल टाकताना तो लावावा. आतील कडी मुलाच्या हाताला येणार नाही इतक्या उंचीवर बसवावी, न्हाणीघराचीही. कारण मुलानेच कडी लावली तर दुसरी किल्लीसुद्धा निरुपयोगी ठरते. आणि ती दुसरी किल्ली आपल्या कपाटात न ठेवता शेजारी द्यावी. परगावी बिऱ्हाड थाटणारी माणसे शेजाऱ्यांकडे विरजण मागतात, वर्तमानपत्र मागतात. किल्ली देण्यास मात्र संकोचतात. वस्तुतः जुन्या घरातील परसदार आज शेजाऱ्याच्या घरात आहे. ज्या कुटुंबाने आपली किल्ली विश्वासाने शेजारच्या काकूंच्या हाती दिली, त्याच्या घराला दुसरे दार आहे असेच समजावे.