कृपादान कुणासाठी?

केडगाव हे नाव मी पहिल्यांदा वाचले ते एका पोस्टकार्डावरच्या शिक्क्यात. साल १९९२ असावे. नुकताच बी. ए. होऊन मी लिंबागणेशला परतलो होतो. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातली माणसे मुकादमाची उचल फेडायला साखर कारखान्यांकडे निघतात. गावात म्हातारी आणि लेकरे उरतात. त्यांची पत्रे वाचायचे, उत्तरे लिहायचे काम आपसूकच माझ्याकडे आले होते. एका संध्याकाळी शेजारची मावशी कार्ड घेऊन आली. "एवढं कारड वाच की रं बाबा." दुसऱ्या दिवशी बीडला कविसंमेलन होते आणि मी कविता पाठ करीत होतो. कार्ड उलटे होते, त्यावरचा शिक्का तेवढा पाहिला. तिचा मुलगा दौंड तालुक्यात तोडीला गेला होता, हे ठाऊक होते. "उद्या ये, मावशी," म्हणालो आणि पहाटेच्या गाडीने निघून गेलो. कविता ऊसतोड मजुरांवरच होती. टाळ्या चांगल्या पडल्या.

तिसऱ्या दिवशी परतलो, तर मावशीच्या दाराला कडी. तिने कार्ड दुसऱ्याकडून वाचून घेतले होते. सून कोपीवरच बाळंत झाली, जवळ बाईमाणूस नाही, लगोलग ये, एवढाच मजकूर. मावशी पोहोचली तोवर ती बाळंतीण लेकराला बांधावर ठेवून फडात उभी राहिली होती. मावशी मला याबद्दल कधी बोलली नाही. पुन्हा कार्डही तिने माझ्याकडे आणले नाही.

आजचा विषय ख्रिस्ती धर्मातील आत्मिक दाने. मी मुसलमान, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा सिद्धान्त माझा नव्हे. तरी या विषयाकडे मी आलो तो त्या कार्डाच्या वाटेने. पुढे पंडिता रमाबाईंविषयी वाचताना केडगाव पुन्हा भेटले.

आधी मूळ गोष्ट पाहू. इ. स. ५५च्या सुमारास संत पौलाने ग्रीसमधल्या करिंथ या बंदराच्या शहरातील मंडळीला पत्र लिहिले. तिथे भांडण जुंपले होते. कुणी रोगी बरे करी, कुणी भविष्यवाणी सांगे, कुणी प्रार्थनेच्या भरात अनोळखी भाषा बोले, आणि यात श्रेष्ठ कोण यावर चढाओढ. पौलाने वापरलेला ग्रीक शब्द 'खारिस्मा'. 'खारिस' म्हणजे कृपा, आणि कृपेने मिळालेले ते 'खारिस्मा'. मराठी बायबलने त्याला 'कृपादान' हा नेमका शब्द दिला. दाने अनेक, देणारा आत्मा एक, हे पौलाचे पहिले म्हणणे. म्हणजे मिरवायला जागाच उरली नाही. कमावलेलेच नाही ते मिरवायचे कसे? दुसरे म्हणणे असे, की दान एकाच्या हाती येते, पण ते सगळ्यांच्या हितासाठी असते. यासाठी तो शरीराचा दाखला देतो. डोळ्याला हातावाचून चालत नाही आणि पायाने रुसून उपयोग नाही. मग प्रेमाचा तो प्रसिद्ध अध्याय येतो. प्रेम नसेल तर सगळी दाने पोकळ. भाषांच्या दानाबद्दल तर तो न कळणाऱ्या दहा हजार शब्दांसमोर कळणारे पाच ठेवतो आणि वजन पाचांना देतो. पेत्राच्या पत्रात दान मिळालेल्याला कारभारी म्हटले आहे. कारभारी मालक नसतो, हे आमच्याकडच्या गड्यालाही सांगावे लागत नाही.

आता केडगाव. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली आणि विधवा रमाबाईंनी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या होत्या. जून १९०५मध्ये तिथे मोठे आध्यात्मिक जागरण सुरू झाले. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, आपली पापे बोलून दाखवीत. वर्षा-दीड वर्षात काहींच्या तोंडून अनोळखी भाषाही येऊ लागल्या. त्याच सुमारास, १९०६मध्ये, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभांतही हेच घडत होते. पुढे अनेक पेंटेकोस्टल चर्चनी अशी भाषा बोलणे हाच पवित्र आत्मा उतरल्याचा पहिला पुरावा मानला. उलट काही पंथ मानतात, की असली चमत्काराची दाने प्रेषितांच्या काळाबरोबरच संपली.

रमाबाई या दोन्ही टोकांना गेल्या नाहीत. बाहेरून टीका होत असताना त्यांनी मुलींचा अनुभव खोटा ठरवला नाही, पण तीच एक खूण, हेही मान्य केले नाही. खरी खूण प्रेमाची. बाकीची दानेही टाकून देण्याजोगी नाहीत, असे त्यांचे मत होते. संस्कृतातल्या विद्वत्तेसाठी १८७८मध्ये कलकत्त्यात पंडितांनी ज्यांना 'सरस्वती' म्हटले, त्या बाईचे हे मत आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

मला तर भाषांचे दुसरे दानही केडगावातच दिसते. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी सबंध बायबल मराठीत आणले. तेही पंडिती मराठीत नव्हे, तर खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. ते छापले मुक्ती मिशनच्या छापखान्यात. तिथे खिळे जुळवायला बायका होत्या, ज्यांच्यातल्या कित्येकींना तिथे येण्यापूर्वी अक्षरओळखही नव्हती. १९२१मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. पुस्तक बाहेर आले ते त्यांच्या पश्चात. या दानात झटका नव्हता. वर्षानुवर्षे कोश उघडून बसणे होते.

मला लोक कौतुकाने विचारतात, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" प्रश्न जरा टोचतो, लिंबागणेशच्या मातीत मी आणखी कुठली भाषा शिकणार होतो? माझी आई दखनी बोले. मला वाचता येते याचा तिला अभिमान होता, पण म्हणे, "अल्लाकी अमानत है बेटा, तेरी नै." अमानत म्हणजे दुसऱ्याची, आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू. करिंथला गेलेले ते पत्र वाचताना मला आईचाच आवाज ऐकू आला. कार्ड वाचून घ्यायला मावशी आली, तेव्हाही आई ओसरीवर होती. ती काही म्हणाली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

आता पोस्टकार्डे येत नाहीत. बँकेचा, नाहीतर आधारचा मेसेज इंग्रजीत येतो, आणि कुणीतरी दारात उभे राहून मोबाइल पुढे करते. माझा चष्मा हल्ली सापडत नाही वेळेवर. "थांबा, बसा जरा," म्हणतो आणि शोधायला लागतो.