झाडीपट्टीतील धान आणि कार्यक्षमतेचे माप



आजच्या विषयात ‘कार्यक्षमता’ हा एक भारदस्त शब्द आहे. गिरणीपुरता त्याचा अर्थ सोपा आहे: कापूस किती आत गेला आणि सूत किती बाहेर आले. हेच माप आपण शेतीलाही लावतो, एकरी उत्पन्नाचा आकडा पाहतो आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा शेतकरी पंजाबच्या मागे का, असे विचारून मोकळे होतो. हा प्रश्नच अपुरा आहे, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपण ज्याला भाताचे पीक म्हणतो, त्याला तिकडे धान म्हणतात. पंजाबचा धान कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावर होतो. वैनगंगेच्या खोऱ्यातला धान मोठ्या प्रमाणावर आभाळाच्या हवाली असतो. पाऊस तिकडे कमी नाही. परंतु तो चार महिन्यांत कोसळतो, आणि पीक निसवण्याच्या ऐन वेळी पंधरा दिवस दडी मारू शकतो. त्या पंधरा दिवसांत बांधी कोरडी पडली, की आधीचा सारा पाऊस व्यर्थ जातो. लोंबी बाहेर येते, पण दाणा भरत नाही. हाती पोचट येते.

अशा परिस्थितीत तेथला शेतकरी काय करतो? तो जमिनीचा उतार वाचतो. माथ्यावरच्या खरडी जमिनीत पाणी ठरत नाही. तेथे तो लवकर निघणारा हलका धान घेतो. मधल्या टप्प्यात मध्यम, आणि खोलगट, ओल धरणाऱ्या कन्हार जमिनीत उशिरा निघणारा भारी धान. भारी धानाचे उत्पन्न अधिक म्हणून तोच माथ्यावर लावला, तर तो निसवण्याआधीच ओल संपते. हलका धान खोलगटात लावला, तर तो उभ्या पाण्यात आणि परतीच्या पावसात पिकतो. पऱ्हे टाकून रोवणी करावी, की आवत्याने सरळ पेरावे, हेही तो बांधीत पाणी केव्हा साचेल यावरूनच ठरवतो. एकाच घरच्या शेतात दोन-तीन जातींचे धान दिसले, तर त्याला अडाणीपणा म्हणू नका. तो त्या घराने उतरवलेला विमा आहे!

या विम्याचा मोठा आधार म्हणजे तलाव. गोंड राजांच्या काळापासून तेथे तलाव बांधले गेले, आणि त्या कामात कोहळी समाजाचे कसब नावाजलेले होते. ऐन दडीच्या वेळी तलावाचे एक-दोन पाणी मिळाले, की पीक तरते. त्या वेळचे थोडे पाणी इतर वेळच्या पुष्कळ पाण्याहून मोलाचे ठरते. १९५१ साली मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढण्याची, पाळ दुरुस्त करण्याची जी जबाबदारी गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली होती, ती कोणाचीच राहिली नाही. नाव मात्र उरले : ‘माजी मालगुजारी तलाव’. ‘माजी’ व्हावयाचे होते ते मालगुजार; तलावांनी का माजी व्हावे?

आता एका माणसाची गोष्ट सांगतो. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांची जमीन अवघी दीड एकर. १९८३ साली ‘पटेल-३’ या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात शेताच्या मध्यभागी सहा चौरस फूट जागेत ते बी पेरले आणि रानडुकरांपासून वाचविण्यासाठी भोवती काटेरी कुंपण घातले. वर्षानुवर्षे निवड करीत त्यांनी बारीक दाण्याचे जे वाण सिद्ध केले, त्याला एका व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव दिले. ते वाण शेजारच्या राज्यांतही पसरले. दादाजींनी पुढे आणखीही वाणे काढली. त्यांना राष्ट्रीय पातळीवर पुरस्कारही मिळाला. परंतु २०१८ साली ते वारले तेव्हा त्या वाणाने पैसा मिळविला होता तो इतरांनी. त्यांच्या घरी गरिबीच होती. शेतकऱ्याच्या वाणाला हक्क देणारा कायदा २००१ साली झाला. त्याच्या कितीतरी आधी त्यांचे बी गावोगाव गेले होते.

तीन लोंब्या ओळखणारी ती नजर कार्यक्षमतेच्या कोणत्या रकान्यात लिहावयाची? सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रासारख्या संस्थांचे काम मोलाचे आहे, आणि नवे वाण हवेच. पण ते देताना आधी विचारावे, की बाबा, तुझी बांधी माथ्यावर की खोलगटात? तुझा तलाव कितीसा भरतो? निसवताना पाणी मिळते का? शंभर बांध्यांना एकच सल्ला देणे सोपे आहे. परंतु तो सल्ला चुकला, तर शेतकऱ्याचे सबंध वर्ष बुडते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. एकरी आकड्याबरोबर आणखी एक माप ठेवा : वाईट पावसाच्या वर्षी त्या घराच्या कोठीत किती धान आला? या मापाने जो उतरेल तो कार्यक्षम शेतकरी. आणि त्याला त्या मापाने उतरता यावे म्हणून तलावातला गाळ काढणे, हे आपल्या सर्वांचे काम आहे.