ई जीवनसत्त्व, ऊन आणि श्रमिकांची त्वचा



आरोग्याचे अर्थशास्त्र केवळ रुग्णालयांसाठीच्या तरतुदीपुरते मर्यादित नाही. कच्छच्या छोट्या रणातील अगरिया असोत वा पंजाबात भातलावणीसाठी येणारे बिहारचे मजूर असोत, शरीर हेच त्यांचे भांडवल असून त्वचा हे त्या भांडवलाचे पहिले कवच आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२३ मधील अंदाजानुसार, २०१९ मध्ये जगातील १६० कोटी लोक उघड्यावर काम करताना सूर्याच्या अतिनील किरणांना सामोरे गेले. मेलॅनोमाव्यतिरिक्त त्वचाकर्करोगाने झालेल्या मृत्यूंपैकी जवळपास एक-तृतीयांश मृत्यू अशा कामाशी निगडित होते. भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिनमुळे हा धोका गौरवर्णीयांच्या तुलनेने कमी असला, तरी डाग, अकाली सुरकुत्या व मोतीबिंदू यांपासून सुटका होत नाही.

अतिनील किरणांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे ‘ब’ किरण त्वचा भाजतात व पेशींतील डीएनएला थेट इजा करतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ‘अ’ किरण अधिक खोल जाऊन मुक्त मूलके निर्माण करतात. ही मूलके पेशीपटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण घडवितात. १९२२ मध्ये इव्हान्स व बिशप यांनी कॅलिफोर्नियात शोधलेले मेदविद्राव्य ई जीवनसत्त्व ही साखळी तोडते आणि क जीवनसत्त्व त्यास पुन्हा कार्यक्षम करते.

यावरून गोळ्या घेतल्या की ऊन बाधत नाही, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात १५ टक्के क व १ टक्का ई जीवनसत्त्वाचे द्रावण डुकराच्या त्वचेवर चार दिवस लावल्यावर संरक्षण चौपट झाले. हा परिणाम दोन्ही जीवनसत्त्वांच्या संयोगाचा, तोही बाहेरून लावण्याचा होता. उलट, २०११ मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकके ई जीवनसत्त्व घेणाऱ्या निरोगी पुरुषांत पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळले. आहारातील शेंगदाणे, सूर्यफूल तेल व पालेभाज्या यांतून मिळणारे ई जीवनसत्त्व शरीरास आवश्यक आहे. परंतु ते छत्रीची जागा घेऊ शकत नाही.

येथे धोरणाचा प्रश्न उपस्थित होतो. कॅप्सूल ही खाजगी खरेदी असून ती परवडणाऱ्यालाच मिळते. सावली, पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि भर दुपार टाळणारे कामाचे वेळापत्रक हे उपाय अल्पखर्चिक असून सामूहिक निर्णयाने सर्वांना उपलब्ध होऊ शकतात. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, विश्रांतीसाठी सावली व प्रथमोपचाराची सोय बंधनकारक केली होती. मजुराच्या डोक्यावरील सावली ही सवलत नसून कामाची अट आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. अशी तरतूद कागदावरून प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी कितपत पोहोचते, यावरच विकासाचे मूल्यमापन व्हावयास हवे.