उसाचं चिपाड आणि कोळसा

कोल्हापूरच्या गुऱ्हाळघरात गूळ शिजतो तो उसाच्या वाळल्या चिपाडांवर, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहतो. साखर कारखान्यात त्याच चिपाडाचा चुरा म्हणजे बगॅस. टनभर उसातून तो साधारण 300 किलो निघतो. बॉयलरमध्ये तो जाळून पाण्याची वाफ करतात; त्या वाफेवर साखर बनते आणि वारणेसारख्या कारखान्यांत वीजही.

मग चंद्रपूरचा कोळसा हवा कशाला? कारण गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं. किलोला जेमतेम सव्वादोन हजार किलोकॅलरी उष्णता. आपला कोळसा साडेतीन-चार हजार देतो. पण त्यात राख तीस-चाळीस टक्के, बगॅसमध्ये दोन-तीनच.

खरा फरक कार्बनचा. बगॅसच्या धुरातला कार्बन उसानं वर्ष-दीड वर्षापूर्वीच हवेतून घेतलेला. कोळशातला पंचवीस कोटी वर्षांहून जुना. म्हणून बगॅस निर्दोष, असं मात्र नाही. धूर नीट गाळला नाही, तर काजळी वाळवणावर येतेच!

शिवाय बगॅस फुगीर, लांब नेणं परवडत नाही. आणि गाळप चालतं दिवाळीच्या सुमारापासून मार्चपर्यंत. पुढं साठवलेला बगॅस पुरेल तेवढीच वीज.