आगीला अडवणारी भिंत

घरी बांधलेले विमान म्हटले की आपल्याला नवल वाटते. पण मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात वैमानिक अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि २०२० मध्ये धुळ्याला त्याच्या चाचण्या झाल्या. असे विमान जो कोणी बांधील, त्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते: इंजिनाने पेट घेतला तर वैमानिक वाचणार कसा?

आता तुम्ही म्हणाल, आग विझवावी. पण आकाशात विहीर नाही की शेजारी नाही. इंधन बंद करायचे आणि जमिनीकडे यायचे, एवढेच हाती असते. तीन हजार फुटांवरून उतरायला काही मिनिटे तरी लागतात. तेवढी मिनिटे मिळवून देण्यासाठी इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये एक पत्रा असतो. त्याला फायरवॉल म्हणतात.

लहान विमानाचा सांगाडा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. ते ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि पेट्रोलच्या ज्वाळा हजार अंशांच्या घरात जातात. म्हणून ही भिंत स्टेनलेस पोलादाची करतात. जाडी अवघी ०.४ मिलिमीटर, वजन चौरस मीटरला सुमारे ३ किलो. सुमारे ११०० अंशांच्या ज्वाळेसमोर तिने १५ मिनिटे टिकावे, असा दंडक आहे.

पण पत्रा चांगला म्हणून काम भागत नाही. त्यातून तारा जातात, इंधनाच्या नळ्या जातात. त्या भोकांत रबर बसवले तर आधी रबर जळते, आणि ज्वाळा तिथून आत शिरते. कोठाराचे दार मजबूत असून काय उपयोग, उंदराचे बीळ उघडे असेल तर? म्हणून प्रत्येक भोकाला पोलादी चकती आणि आग सोसणारा लेप लावतात. इंधनाच्या नळीवर काचतंतूंचे जाड आवरण चढवतात.

दुसरी गोष्ट. ज्वाळा अडली तरी पत्रा लाल होतो आणि त्याची धग पलीकडे जाते. आतल्या बाजूला फोम चिकटवला असेल तर तोच धुमसून वैमानिकाचा श्वास कोंडतो. म्हणून उष्णता रोखणारी सिरॅमिक तंतूंची गादी शक्यतो इंजिनाच्या बाजूला लावून तिच्यावर पातळ पोलादी पत्रा ठोकतात.

गुरुजी, हे वर्गात दाखवता येईल. निखाऱ्यांच्या शेगडीच्या बाजूला, हाताला नुसती ऊब लागेल इतक्या अंतरावर तळहात धरा. मध्ये चकचकीत पत्रा उभा करा, धग लगेच कमी होईल. थोड्या वेळाने पत्राच तापेल. मग दोन बोटांचे अंतर सोडून दुसरा पत्रा लावा, धग पुन्हा घटेल. मधली हवाही ढालीचे काम करते, हे मुलांना कळेल. पाण्याची बादली मात्र जवळ असू द्या, आणि शेगडी स्वतःच हाताळा.

आणि शेतकरी बंधूंनो, विमान आपल्यापासून दूर असले तरी तापलेला सायलेन्सर दूर नाही. साखरखेर्ड्याच्या शिवारात सोयाबीनची सुडी मळणी यंत्राशेजारी उभी असते. सायलेन्सरवर साचलेले कुटार वेळोवेळी झाडा. ट्रॅक्टर सुडीपासून लांब लावा, आणि असा की वारा ठिणग्या सुडीकडे नेणार नाही. डिझेलची नळी गळते का, ते काम सुरू करण्यापूर्वी बघा. सायलेन्सरभोवतीचे लोखंडी जाळे गंजून निघाले असेल, तर पुन्हा बसवून घ्या.

आग लागल्यावर माणूस धावतोच. पण धावायला अवधी मिळतो की नाही, हे आग लागण्याच्या आधीच ठरलेले असते. विमानात तो अवधी पोलादाचा पत्रा देतो, शिवारात आपली खबरदारी देते.